समुद्र बंद झाला की घाट चढणाऱ्या सहल-आयोजकांस

पुण्या-मुंबईहून जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यावर ट्रेक, कॅम्प आणि वीकएंडच्या बॅचेस घेऊन येणाऱ्या सर्व आयोजक मंडळींस,



तुमचं वर्षाचं वेळापत्रक आम्हाला पाठ झालं आहे. दिवाळी सरली की तुम्ही किनाऱ्यावर. काशीदला तंबू, तारकर्लीला स्कूबा, मालवणहून होडीने सिंधुदुर्ग, राजपुरीहून जंजिरा. मे संपत आला की सागरी मंडळाच्या सूचना निघतात. प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ पावसाळाभर थांबतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा बंद असते. मग तुमच्या जाहिरातीतलं चित्र एका रात्रीत बदलतं. लाटेच्या जागी धबधबा येतो. बस तीच, लीडर तेच, गळ्यातल्या शिट्ट्याही त्याच. वाट तेवढी बदलते, माळशेजची नाहीतर मंचर-घोडेगावची.

मी त्या वाटेवर राहते. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. आता आमच्या बचत गटाच्या बायकांबरोबर तुमच्या बॅचेसना पिठलं-भाकरी, मासवडी-रस्सा करून घालते. तुमचे लीडर मला मावशी म्हणतात. म्हणजे तुमच्या येण्यावर आमच्याही चुली थोड्याफार चालतात. तेव्हा पर्यटनाला विरोध करणारी कुणी गाववाली समजून हे पत्र बाजूला ठेवू नका. २०१८ मध्ये शासनाने जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका जाहीर केला, तेव्हा आनंद झालेल्यांत मीही होते.

तक्रार अशी की किनाऱ्यावर जी शिस्त तुम्ही मुकाट्याने पाळता, ती घाट चढताना खालीच ठेवून येता.

मालवणच्या धक्क्यावर मी तुमच्यासारख्यांच्या सहली पाहिल्या आहेत. तांडेल माणसं मोजतो, जादा झालेल्यांना पुढच्या होडीत बसा म्हणतो. वारा वाढला की फेरी रद्द होते. कुणी त्याच्याशी हुज्जत घालत नाही. आमच्याकडे मात्र जुलैच्या रविवारी, हवामान खात्याचा लाल इशारा असताना, 'पैसे भरलेत, माघारी कसं नेणार' हे मी कित्येकदा ऐकलं आहे. दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात. खोल पाण्यात उतरू नका, धबधब्याखाली बसू नका, कड्याच्या टोकाशी फोटो काढू नका. ते आदेश तुमच्या ग्रुपवरही फिरतात, खाली 'सगळ्यांनी वाचून घ्या' असं लिहिलेलं असतं आणि त्याच्याही खाली रविवारच्या पिकअपच्या वेळा.

किनाऱ्यावर सगळं आलबेल आहे, असं माझं म्हणणं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. त्यानंतर निदान लाइफ जॅकेटबद्दल लोक विचारू लागले. आमच्या धरणांच्या पाण्याबद्दल कुणी काही विचारत नाही, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करते.

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं या दोन तालुक्यांत आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आमचं डिंभे. घोड नदीवरच्या डिंभे धरणात सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी मावतं आणि ते पार पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याच्या बाजूला जातं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. धरण भरलं की टेकड्यांची टोकं पाण्याबाहेर राहतात आणि लांबून बेटांचा पुंजका वाटतो. तुमच्या जाहिरातीत तो फोटो असतो. खाली 'बेटावर एक रात्र'.

त्या बेटांच्या खाली काय आहे, हे बॅचला कधी सांगता का? ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव या पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, नाव मात्र बुडालेल्या गावाचं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनी देवळं, घरांचे चौथरे उघडे पडतात. आजूबाजूच्या महादेव कोळी, ठाकर वस्त्यांची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. पाणी मागे सरकलं की गाळ उघडा पडतो आणि त्या गाळात ही माणसं पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. तुम्हाला तो मोकळा काठ दिसतो. गाडी थेट पाण्यापर्यंत नेता, तंबू ठोकता, सकाळी निघून जाता. पेरलेल्या गाळावर चाकाची चाकोरी उमटली, की तेवढी पट्टी त्या वर्षी गेली. कुणी भांडायला येत नाही, कारण जमीन कागदावर त्याची राहिलेली नसते. तुमचं फावतं ते त्यामुळे.

मासेमारीचंही तसंच. या जलाशयात स्थानिक आदिवासींनी सहकारी संस्था करून मासेमारीचा हक्क मिळवला, बीज सोडलं, जाळी-होड्या घेतल्या. त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या 'शाश्वत' या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जगाने दखल घेतलेलं हे काम तुमच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर चालतं आणि तुमच्या माहितीपत्रकात त्याची एक ओळ नसते. तुम्हाला त्यातली फक्त होडी दिसते. एका संध्याकाळी एक लीडर आमच्या शेजारच्या पोराला समजावत होता, 'दोनशे जास्त घे, पण आठ जण एकदम ने.' ती होडी दोन माणसं आणि जाळं एवढ्यासाठी केलेली. पोरगं नाही म्हणालं म्हणून बरं. पुढचं पोरगं नाही म्हणेलच असं नाही, दोनशे रुपये आमच्याकडे थोडे नाहीत.

२१ मे २०२४ ची उजनीची घटना आठवा. करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती सहलीची होडी नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्यांची होती, पाण्याची सवय असलेल्या माणसांची. तुमच्याबरोबर येणाऱ्या मुलामुलींना तर साठलेलं पाणी आणि पोहण्याचा तलाव यांतला फरकही ठाऊक नसतो. काठाचा गाळ मांडीपर्यंत आत घेतो. पाण्याखाली जुने बांध, विहिरी, झाडांचे बुंधे आहेत. म्हणून पहिली मागणी, आणि ही विनंतीच्या सुरात करत नाही. मासेमारीच्या होडीत सहलीची माणसं बसवायची नाहीत. पाण्यात उतरवायचं नाही. रीतसर परवान्याची होडी असेल तिथे जॅकेट तुम्ही आणायची, माणसं तुम्ही मोजायची. आणि तंबू ठोकण्याआधी त्या वस्तीत जाऊन विचारायचं की इथे पेरलंय का.

आता नाणेघाट.

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी नाणेघाटात उभं राहून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. तुम्ही असताच म्हणा तिथे. खालून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, ते पाहायला गाड्यांची रांग लागते. पाहावं, मीही पाहते. पण पाऊस वाढला की सगळी गर्दी घाटातल्या गुहेत घुसते. ओले कपडे पिळले जातात, वेफर्सची पाकिटं फुटतात, कुणीतरी स्पीकर लावतो. ज्या भिंतीला पाठ टेकून हे चालतं त्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणं यांची मोजदाद आहे. आपल्याकडच्या अंकांचे फार जुने नमुने त्यात सापडतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली आहेत, खाली आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मी शाळेची मुलं घेऊन जायची तेव्हा मुली हमखास विचारायच्या, 'बाई, हे सगळं एका बाईने लिहवून घेतलं?' तुमच्या बॅचमध्येही निम्म्या मुली असतात. त्यांना हे कुणी सांगत नाही. लीडरला ठाऊकच नसतं. त्याला उलट्या धबधब्याची सर्वांत चांगली फ्रेम कुठून मिळते हे ठाऊक असतं.

माझी मागणी मोठी नाही. गुहेत जेवण, कपडे, स्पीकर बंद. एका वेळी आत माणसं थोडी. दहा मिनिटं त्या लेखाबद्दल बोला. बोलता येत नसेल तर जुन्नरातून बोलणारा माणूस घ्या. त्याला त्याचे पैसे द्या.

पैशांचा विषय निघालाच आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून दाखवतात. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच नाळेने जुन्नरच्या पेठेत चढायचा. घाट चढणाऱ्याने वर काहीतरी ठेवून पुढे जायचं अशी ती रीत. हल्ली माणशी रक्कम तुमच्या खात्यात शहरातच जमा होते आणि वर पोचतो तो पार्किंगचा आणि चहाचा खर्च. जेवणाची ऑर्डर आदल्या रात्री नऊला येते. 'मावशी, ऐंशी जण आहेत, रेट जरा बघा.' पहाटे साडेचारला आम्ही पीठ मळायला बसतो, आणि अकराला निरोप येतो की ट्रॅफिकमुळे बॅच थेट परतली. भाकऱ्या कुणी खायच्या? गेल्या साली हे इतक्या वेळा झालं की गटातल्या दोघींनी काम सोडलं. तुमच्याकडे ग्राहकाने बुकिंग रद्द केलं तर परतावा न देण्याचा नियम छापलेला असतो. तोच नियम आम्हाला लावा, एवढंच. आगाऊ निम्मी रक्कम, आदल्या दुपारपर्यंत आकडा.

आणि आवणी. जुलैत भाताची लावणी चालते तेव्हा बायका सकाळपासून चिखलात वाकलेल्या असतात, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद. वरून ड्रोन घोंघावतो. खाचराच्या बांधावर वीस माणसं रांगेने फोटोला उभी राहिली की बांध खचतो, पाणी खालच्या खाचरात जातं, रोप उघडं पडतं. तुमच्यातल्या काहींनी आता 'आवणीचा अनुभव' विकायला काढलाय. शहरातली मंडळी तासभर रोपं खोचतात, हसतात, चिखल फासून घेतात, जातात. मग आम्ही ती रांग उपटून पुन्हा लावतो. त्याचे पैसे तुम्ही घेता! एकदा वाटलं, आपणही जाहिरात करावी, 'कंपनीत बसून एक दिवस ईमेल पाठवण्याचा अनुभव'. शाळेतल्या पोरांना आवडला असता.

हसून झालं. आता ज्याबद्दल हसता येत नाही ते.

३० जुलै २०१४ ची सकाळ या खोऱ्यात कुणी विसरलेलं नाही. रोजची एसटी घेऊन आलेल्या चालकाला मालीण गाव जागेवर दिसलं नाही. डोंगर घसरून गाव गाडलं गेलं होतं. १५१ माणसं गेली. त्या आधी बराच पाऊस झाला होता, तसाच पाऊस, तोच महिना, ज्याला तुम्ही 'पीक सीझन' म्हणता. त्या डोंगरांचेच उतार पुढे आहुप्याकडे, भीमाशंकरकडे जातात, आणि त्यांच्या पायथ्याला सपाट जागा दिसली की तुमचे तंबू लागतात. आमच्यातले लोक अशा पावसात रात्री जागे असतात. ओढ्याचं पाणी गढूळ झालं का, उताराला भेग पडली का, बघत बसतात. तुमच्या तंबूत तेव्हा अंताक्षरी चाललेली असते. काही वाईट झालंच तर अंधारात त्या मुलांना शोधायला आमचीच पोरं दोर घेऊन उतरणार आहेत, याआधीही उतरली आहेत.

तेव्हा दुसरी ठाम मागणी. घाटमाथ्यासाठी हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी बॅच रद्द, आणि रद्द झाल्यावर पैसे परत. बुकिंगच्या वेळीच हे लिहून द्या, म्हणजे 'माघारी कसं नेणार' हा प्रश्न उरणार नाही. उताराच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर एकही तंबू नको. आणि मालीणच्या स्मृतिस्थळाला तुमच्या 'वाटेतल्या जागां'मधून वगळा. 'मावशी, मालीण वाटेतच आहे ना, दहा मिनिटं थांबू का?' असं एका लीडरने विचारलं होतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी त्याला म्हटलं, तिथे माणसं राहतात, त्यांना विचारून ये.

जंगलाबद्दल थोडक्यात. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ चं आहे, शेकरू आपला राज्यप्राणी आहे आणि रात्री अकराला वाजणारं गाणं त्याला आवडत नाही. पूर्वेकडच्या उसात बिबटे आहेत. जखमी किंवा पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र चालवावं लागतं, इतके. काठावर मटणाची हाडं टाकून झोपणं किती शहाणपणाचं, ते तुम्हीच ठरवा.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग पावसाळ्यात यायचंच नाही का? या, पण थोडे या. उरलेले पावसाळ्यानंतर या. तुम्ही किनाऱ्यावर असता त्या सहा-सात महिन्यांत आमच्याकडे दाखवण्यासारखं जास्त असतं, आणि त्यात जीव जाण्याची धास्तीही कमी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यात आमची शिवनेरी आहे, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाण्यातले किल्लेही आहेत. तुमच्या बसेस दोन्हीकडे जातात, तरी हे चार किल्ले एका सहलीत गुंफण्याचं अजून तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आल्याचं मला दिसलेलं नाही. डिसेंबरात कल्याणहून वैशाखरेमार्गे नाणेघाट चढा, बैल चढायचे तसा. वर जीवधन, पुढे चावंडच्या कातळातली पाण्याची टाकी, मग तुळजा लेणी, लेण्याद्री, शेवटी शिवनेरी. फेब्रुवारीत द्राक्षांच्या बागा. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या तिथे ठरतात. हे दृश्य दुसरीकडे क्वचितच मिळेल. आणि दगडमातीत रस असलेले पाहुणे असतील तर त्यांना बोरी बुद्रुकला न्या. कुकडीच्या काठावर ज्वालामुखीची राख आहे. पार सुमात्रा बेटावरच्या टोबाची असं मानतात, तिच्या वयावरून भूशास्त्रज्ञ अजून भांडतात, आणि जवळच आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. समुद्रापलीकडच्या एका बेटाची राख आमच्या नदीकाठी! एवढी गोष्ट हातात असताना तुम्हाला आमची टेकडी बेट म्हणून विकावी लागते, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

शेवटी व्यवहाराचं. मेच्या पहिल्या आठवड्यात, तुमचे तंबू किनाऱ्यावरून आवरण्याआधी, एक दिवस घोडेगावात किंवा जुन्नरात बसू. आमच्याकडून बचत गट, मासेमारी संस्था, ग्रामपंचायती आणि वाटाडे पोरं येतील. वन खात्याला आणि तहसीलदारांना आम्ही बोलावू. कोणत्या जागी एका दिवशी किती माणसं, जेवणाचा आणि वाटाड्याचा दर काय, लाल इशाऱ्याला पैसे कसे परत करायचे, होड्यांचं काय, हे चार विषय. कागदावर उतरवू, सह्या करू. ज्यांच्या सह्या असतील त्यांची नावं फलकावर लावू, आणि ज्यांच्या नसतील त्यांच्यासाठी आमच्या चुली पेटणार नाहीत. गटातल्या बायकांचं यावर एकमत झालं आहे. ते सहसा होत नाही, म्हणून आवर्जून कळवते.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
जेवणाच्या ऑर्डरीपुरती मावशी
(डिंभ्याच्या पाण्याकडेची एक निवृत्त शिक्षिका)

ता. क. : बैठकीला लीडर पोरांना पाठवू नका. ती बिचारी दर वेळी 'ऑफिसला विचारून सांगतो' म्हणतात. हिशेब पाहणारा माणूस पाठवा.